हरल्यावर पट उधळणारा भिडू

“मॅडम, रात्री सगळ्यांनी मिळून एखादा डाव मांडायचा, ही आमच्या घरची पद्धत. पण हा हरला की सोंगट्या भिरकावतो. खेळणंच बंद करावं का?”

हा प्रश्न इतके आईवडील विचारतात की त्यातल्या एका कुटुंबाविषयी लिहायचं ठरवलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा नऊ वर्षांचा. रडारड नको म्हणून वडील मुद्दाम हरू लागले होते. त्याने आदळआपट थांबली नाहीच, उलट आता तो जिंकला तरी धुमसायचा. सुरुवातीच्या भेटींत तो फारसं बोलला नाही. मग एकदा मी बुद्धिबळ मांडलं आणि माझा वजीर पटाबाहेर ठेवला.

“मला जास्त सराव आहे, म्हणून मी वजिराशिवाय खेळते. चालेल?”

तो त्या वजिराकडे बघत राहिला. “बाबा असं सांगत नाहीत. मुद्दाम चुकीची चाल करतात आणि ‘अरेरे’ म्हणतात. मला कळतं.”

“तेव्हा काय वाटतं?”

“मी लिंबूटिंबू आहे असं.”

वडील शेजारीच होते. ते काही बोलले नाहीत. मीही घाई केली नाही. इतके दिवस सगळे त्याला हार पचवायला शिकवत होते आणि त्याला सलत होतं ते वेगळंच. घरात त्याला कुणी बरोबरीचा भिडू मानत नव्हतं. अशी गाठ मुलाच्याच तोंडून सुटते तेव्हा या कामाचं समाधान वाटतं.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांचं निरीक्षण करून १९३२ मध्ये मांडलं, की लहानग्यांना नियम मोठ्यांनी घालून दिलेले, अढळ वाटतात. पुढे मात्र ते भिडूंनी आपसांत ठरवायचे असतात हे उमगतं. न्यायाची समज बरोबरीच्या खेळातून येते, यावर माझा पक्का विश्वास आहे.

म्हणून सवलत द्यायचीच तर डावाआधी, उघडपणे द्या. मूल चार-पाच वर्षांचं असेल तर सापशिडी उत्तम. फाशापुढे सगळे सारखे. थोडं मोठं झालं की घरचे नियम त्यालाही ठरवू द्या. स्वतः हरलात तर “चुटपुट लागली बुवा, उद्या परत खेळू” असं मोकळेपणी म्हणा, मोठ्यांनाही हार लागते हे त्याला दिसू दे. आणि पट उधळलाच, तर त्या रात्रीचा डाव तिथेच संपला. व्याख्यान नको. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला पुन्हा खेळायला बोलवायचंच.