सरसाची बशी

प्रश्न : ताई, टोकियोच्या संग्रहालयांत आधुनिक चित्रांखाली कुठे ‘निहोंगा’ तर कुठे ‘योगा’ असं लिहिलेलं पाहिलं. चित्रकार सगळे जपानीच. मग निहोंगा म्हणजे जुनी शैली आणि योगा म्हणजे नवी, असं समजायचं का?

उत्तर : नाही. (आणि हा योगा आसनांचा नव्हे! ‘यो’ म्हणजे समुद्र. त्यावरून समुद्रापलीकडचं, पाश्चात्त्य. ‘गा’ म्हणजे चित्र.) निहोंगा (‘निहोन’ म्हणजे जपान) हे नावही मेइजी काळातलंच, म्हणजे 1868 ते 1912 मधलं. तैलरंग येईपर्यंत घरच्या चित्राला वेगळं नाव लागतच नव्हतं. टोकियोची कलाशाळा 1889 मध्ये सुरू झाली तेव्हा तिथे पाश्चात्त्य चित्रकला शिकवतच नसत. तो विभाग 1896 मध्ये सुरू झाला, चित्रकार कुरोदा सेइकींच्या हाताखाली. तेव्हापासून दोन वर्ग, दोन पाट्या.

चित्राच्या विषयावरून ओळखायला जाल तर फसाल. योगावाल्या ताकाहाशी युइचींचा 1877 च्या सुमाराचा ‘साके’ (म्हणजे सॅमन मासा) बघा : दोरीला टांगलेला, थोडा कापून घेतलेला खारा मासा. रंग तैलाचे, पण चित्र कागदावर, आणि आकार टांगायच्या गुंडाळीसारखा उभा, चिंचोळा. उलट योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो निहोंगावाले, पण हवा आणि उजेड पकडण्यासाठी त्यांनी बाह्यरेषाच काढून टाकली. टीकाकारांनी हेटाळणीने नाव ठेवलं, ‘मोरोताइ’, म्हणजे धूसर शैली.

खरा फरक बशीत आहे. मी क्योतोत निहोंगा शिकले; पहिले कित्येक आठवडे माझा सरसच बिघडायचा. तो जनावरांच्या कातडी-हाडांचा, त्याला निकावा म्हणतात. भिजवून मंद आचेवर विरघळवायचा. उकळला की चिकटपणा गेला. मग बशीत रंगीत दगडाची पूड घेऊन ती सरसात मधल्या बोटाने मळायची. सरस कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकतो. निळा दगड एकच, पण भरड दळला तर गडद आणि बारीक दळला तर फिका. पांढरा रंग कालवांच्या शिंपल्यांचा.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या निहोंगात रंगाचे थर इतके जाड, की लांबून मीसुद्धा चकते. म्हणून पुढच्या वेळी चित्राकडे जरा बाजूने बघा. तैलरंग ओला असल्यासारखा चकाकतो. दगडी रंग कोरडा दिसतो, पण भरड निळ्यात रेतीसारखे कण लुकलुकतात. मधे काच असली तर मात्र पाटीच वाचा.