ग्रिन्यार सुरूच होत नाहीये? घाई करू नकोस
अरे ग्रिन्यार अभिक्रियेत (ईथरमध्ये मॅग्नेशियम आणि सेंद्रिय ब्रोमाइड यांच्यापासून ग्रिन्यार अभिकर्मक बनवताना) पहिल्यांदा सगळ्यांचंच अडतं. काचसामान ओव्हनमध्ये १२० डिग्रीला रात्रभर ठेव, गरम असतानाच जोड आणि नायट्रोजनखाली थंड होऊ दे, कारण पाण्याचा अंश राहिला की संपलंच. मॅग्नेशियमवर ऑक्साइडचा थर असतो म्हणून आयोडीनचा एखादा खडा टाक, रंग उडाला आणि बुडबुडे दिसले की समज सुरू झालं. आणि हे नीट ऐक, सुरू व्हायच्या आधी सगळं ब्रोमाइड ओतू नकोस, थोडंसंच घाल आणि थांब, नाहीतर अभिक्रिया उशिरा एकदम जोरात सुरू होते आणि ईथर ३५ डिग्रीलाच उकळतं, मी एकदा कंडेन्सरमधून (वाफ थंड करणाऱ्या नळीतून) सगळं छतापर्यंत उडवलंय (तेव्हा हसलो नव्हतो). बर्फाची बादली आधीच हाताशी ठेव. तयार द्रावण वापरण्याआधी टायट्रेशन (मोजमाप करून खरी तीव्रता काढणं) करच, अंदाजाने मोलॅरिटी (द्रावणाची तीव्रता) धरू नकोस.