फाइल समोर दिसतेय, तरी बिल्ड म्हणतो 'नो सच फाइल'

तुमची बिल्ड स्क्रिप्ट सहकाऱ्याने विंडोजवर दोन ओळी बदलून पुश केली आणि तेव्हापासून डॉकरमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कंटेनरमध्ये, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येतंय, बरोबर? फाइलींची यादी दाखवणारं 'एलएस' मारलं तर फाइल जागेवरच. मग पाथ तपासत बसू नका, तिथे काही सापडणार नाही.

न सापडणारी फाइल तुमची स्क्रिप्ट नाहीच. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ज्याचं नाव आहे तो बॅश, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, सापडत नाहीये. विंडोजच्या एडिटरने प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न नावाचं एक अदृश्य चिन्ह चिकटवलं, त्यामुळे कर्नल (सिस्टिमचा गाभा) 'बॅश' नव्हे, तर 'बॅश आणि शेपटीला ते चिन्ह' अशा नावाचा प्रोग्रॅम शोधतो. तो कुठून मिळणार? एरर मात्र स्क्रिप्टच्या नावाने फाडतो. मी यात एकदा अख्खी दुपार घालवली आहे, वर परवानग्याही उगाच बदलून ठेवल्या.

खात्री करायला 'कॅट' कमांड कॅपिटल 'ए' पर्यायासह चालवा. ओळीअखेर नुसतं डॉलर हवं. त्याआधी टोपी (^) आणि 'एम' दिसलं की चोर सापडला. ती चिन्हं काढून टाकणाऱ्या 'डॉस-टू-युनिक्स' कमांडने आत्तापुरतं भागेल. पण रिपॉझिटरीत गिट-अ‍ॅट्रिब्यूट्स फाइल टाकून सगळ्या शेल स्क्रिप्टना 'एलएफ', म्हणजे लिनक्सचं ओळीअखेरचं चिन्ह, सक्तीचं करा, नाहीतर पुढच्या पुशला पुन्हा तेच रडगाणं. प्रत्येकाला स्वतःच्या गिटची सेटिंग बदलायला सांगून काही होत नाही, कोणीतरी विसरतंच.