प्रोमोतला मांडव पहिल्या भागात का नाही?

(दैनंदिन मालिकांचं संवादलेखन करणाऱ्या लेखिका या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : एका नव्या मालिकेच्या प्रोमोत नायिका भर मांडवातून उठून जाते. पहिल्या भागासाठी आम्ही जेवणं आटोपून बसलो, तर मांडव सोडाच, मुलगी बघायलाही कुणी आलं नाही! ही फसवणूक नाही का? – एक वाचक, मिरज

फसवणूक म्हणणार नाही, पण तुमचा राग रास्त आहे. त्याचं असं आहे, की प्रोमो आधी शूट होतो आणि पहिला भाग नंतर. मालिकेचं घर तोवर उभं राहिलेलं नसतं. एखादा बंगला नाहीतर कार्यालय दिवसभरासाठी भाड्याने घेतात, सासूचं कास्टिंग पक्कं नसेल तर सासू पाठमोरी उभी करतात. लेखकाकडे तेव्हा चार-सहा पानांची गोष्ट असते, सगळी पटकथा नाही. मग प्रोमो गाजतो आणि तो मांडव मालिकेत नेमका कधी आणायचा यावर चॅनेलच्या बैठका सुरू होतात. सोमवारीच मांडव मोडला तर मंगळवारी दाखवायचं काय? म्हणून तो शनिवारवर जातो, कधी पुढच्या आठवड्यावर. तो पहिल्या आठवड्यात यायलाच हवा असं माझं मत आहे आणि मी ते बैठकीत बोलतेही. ऐकतात असं नाही.

प्रश्न : पहिल्या भागात सगळे एकमेकांशी नावं आणि नाती लावून का बोलतात? 'शरयूवहिनी, तुमच्या धाकट्या दिराने, म्हणजे रोहनने...' असं घरात कोण बोलतं? – एक वाचक, डोंबिवली

कुणीच नाही. पण संध्याकाळी टीव्ही लागतो तेव्हा बऱ्याच घरांत पोळ्या चाललेल्या असतात. निम्मा भाग नुसता ऐकलाच जातो. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की हातात साधारण २२ मिनिटं उरतात. तेवढ्यात दहा-बारा माणसं, त्यांचं घर आणि एखादं जुनं वैर, सगळं पोचवायचं. नावं पेरावीच लागतात.

कशी पेरायची, ते मात्र आपल्या हातात असतं. नाव हाकेतून यावं आणि नातं तक्रारीतून, असं मी बघते. आजी ओट्याशी येते आणि म्हणते, 'शरयू, गेलं ना दूध उतू! आणि तो तुझा लाडका दीर उठला का? मुलीकडचे दहाला येतायत.' सून कोण ते कळलं, दिराचं लग्न व्हायचंय ते कळलं, आणि घरात हुकूम कुणाचा चालतो तेही. तरी चॅनेलच्या क्रिएटिव्ह टीमचा फोन येतो, 'मॅडम, दिराचं नाव राहिलं.' मग घालते रोहन.

प्रश्न : परदेशी मालिकांचा आधी 'पायलट' करतात म्हणे. आपल्याकडे? – एक विद्यार्थी, पुणे

पायलट म्हणजे मालिका पक्की करण्याआधी नमुना म्हणून केलेला पहिला भाग. आपल्याकडे लुक टेस्ट होते, फार तर एक-दोन सीनचं मॉक शूट. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा पायलट २००९ मध्ये शूट झाला, तो बहुतेक सगळा बाजूला ठेवून पुन्हा केला, दोन अभिनेत्रीही बदलल्या. पहिला भाग लोकांना दिसला एप्रिल २०११ मध्ये. तेवढ्या काळात आमचे चारशेच्या वर भाग होऊन जातात!

प्रश्न : पहिला भाग लोकांना आवडला की नाही, हे तुम्हाला कधी कळतं? – एक वाचक, पणजी

उशिरा. सोशल मीडियावरच्या कमेंट त्याच रात्री येतात, पण चॅनेलमध्ये वजन 'बार्क'च्या, म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेच्या, आकड्यांना. (त्यात महाराष्ट्र आणि गोवा एकत्र धरतात, तेव्हा तुम्हीही आलात.) बार्कचा आठवडा शनिवार ते शुक्रवार आणि आकडे येतात पुढच्या गुरुवारी. आता हिशेब करा. मालिका सोमवारी सुरू झाली, सोमवार ते शनिवार रोज दिसते. पहिले आकडे हातात पडतात तोवर नऊ भाग दाखवून झालेले असतात. त्यापुढचे काही शूट होऊन 'बँकेत', म्हणजे तयार भागांच्या साठ्यात, पडलेले असतात, तेही बदलता येत नाहीत. म्हणजे पहिल्या भागात एखादं पात्र लोकांना रुचलं नाही, तरी त्याची आवराआवर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होते. तेव्हा एखादी आत्या अचानक काशीयात्रेला निघाली, तर समजा आकडे आलेत.