लोकसभेत दिवसभर काय चालतं? गोंधळात प्रश्नोत्तराचा तास बुडला तरी उत्तरं लेखी मिळतातच ना?

तुमच्या प्रश्नातलं हे दुसरं वाक्य मी कितीदा खोडलंय! म्हणून आधी तेच.

११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, मंत्रालयांचे वार ठरलेले असतात आणि क्रम सोडतीने लागतो. दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न. तारांकित म्हणजे सभागृहात तोंडी उत्तरासाठीचे, अतारांकितांना फक्त लेखी उत्तर. तारांकितांचं लेखी उत्तरही आधीच छापून आलेलं असतं, मंत्री उठून ‘उत्तर पटलावर ठेवलं आहे’ (म्हणजे सभागृहाला सादर केलं आहे) एवढंच म्हणतात. मग तोंडी काय उरतं? पूरक प्रश्न, म्हणजे त्या उत्तरावर जागीच विचारलेले उपप्रश्न! मूळ प्रश्नकर्त्याला दोन, मग अध्यक्ष पुकारतील त्यांना एकेक. छापील उत्तर खातं लिहितं, त्यात ‘हा राज्यांचा विषय आहे’ म्हणून हात झटकता येतात. पूरक प्रश्न मात्र आधी कळवलेला नसतो. अधिकारी कक्षातून चिठ्ठ्या येतात, तरी उभं राहून बोलायचं मंत्र्यांनाच. त्यांच्या तोंडून ‘माहिती घेऊन पटलावर ठेवू’ निघालं की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं, साधारण तीन महिन्यांत पुरं करावं लागतं आणि त्याच्या मागे लागायला वेगळी समिती आहे.

सव्वाअकराला सभागृह तहकूब झालं की उरलेले प्रश्न लेखी धरले जातात. दुसऱ्या दिवशी ते परत येत नाहीत. बुडतात ते पूरक प्रश्न, आणि फायदा सरकारचा, मग गोंधळ कोणीही घातलेला असो.

तास सुरळीत चालला तरी २० पैकी सहसा पाच-सहाच प्रश्न होतात. कारण सदस्य प्रश्नाआधी भाषण करतात. शिवाय एकात तीन प्रश्न कोंबले की मंत्री सोपा तेवढा उचलतात. पूरक प्रश्न एका वाक्याचा हवा, आकडा किंवा तारीख मागणारा.

बाराला कागदपत्रं पटलावर, मग शून्य प्रहर, म्हणजे सदस्यांनी तातडीचे विषय मांडायची वेळ (नियमावलीत हा शब्दही नाही), जेवणानंतर नियम ३७७ खालचे, म्हणजे इतर नियमांत न बसणारे विषय आणि विधेयकं. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांचे, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांच्या कामाचे. गणपूर्ती (बैठकीला लागणारी किमान उपस्थिती) एक-दशांश, म्हणजे ५४३ पैकी ५५.

लेखी उत्तरं निरुपयोगी नाहीत, जिल्हावार आकडे हवे असतील तर अतारांकितच बरा. पण ‘आमच्या खासदारांनी इतके प्रश्न विचारले’ ही बेरीज मला सांगू नका. सभागृहाच्या कामकाजाच्या अहवालात त्यांचे पूरक प्रश्न किती आहेत ते बघा, आणि त्यातल्या कितींना मंत्र्यांनी आश्वासन दिलं तेही.