आठ मिलिमीटरची गाठ दिसली, मग तीन महिने थांबायचं कशाला?

नाशिकमध्ये यकृताच्या रुग्णांचं समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदारांच्या मुलाने तो विचारला, तेव्हा त्याचा आवाज चढला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) वडिलांना आपण तात्या म्हणू. हिपॅटायटिस बीमुळे त्यांना सिरॉसिस झालेला, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालेलं. अशा यकृतात कर्करोग होऊ शकतो, त्यामुळे दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी ठरलेली. या वेळी यकृतात ८ मिलिमीटरची गाठ दिसली आणि डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी सांगितली.

"मॅडम, आजच एमआरआय करा, नाहीतर सुई घालून तुकडा तपासा. पैशाचं मी बघतो."

मी त्याला पूर्ण बोलू दिलं. घाबरलेला मुलगा असाच बोलणार. मग कागदावर यकृत काढून दाखवलं. सिरॉसिसमध्ये सगळं यकृतच गाठाळ झालेलं असतं. १ सेंटीमीटरच्या आतल्या बऱ्याचशा गाठी कर्करोगाच्या नसतात. निरोगी यकृताला बहुतेक रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, कर्करोगाची गाठ मात्र मुख्यतः धमनीवर पोसते. म्हणून डाय देऊन काढलेल्या सीटी किंवा एमआरआयमध्ये ती आधी उजळते आणि नंतर भोवतालच्या यकृतापेक्षा काळसर दिसते. ही खूण स्पष्ट असली, तर सिरॉसिसच्या रुग्णाला बहुधा बायोप्सीही लागत नाही. पण इतक्या बारीक गाठीत ती भरवशाने दिसत नाही आणि सुईचा नेमही चुकू शकतो. चुकलेल्या सुईचा 'काही नाही' असा रिपोर्ट घेऊन घरी जाणं मला जास्त धोक्याचं वाटतं.

तात्यांनी तेवढ्यात विचारलं, "तीन महिन्यांत वाढली तर?"

वाढू शकते, हमी कोणीच देत नाही. पण अशा गाठीचं आकारमान दुप्पट व्हायला साधारणपणे काही महिने लागतात, आणि आकारमान दुप्पट झालं तरी व्यास पाव पटीनेच वाढतो. ८ चे १० मिलिमीटर होतात.

मला काळजी वेगळीच होती. पुढची तारीख ऐन द्राक्षतोडणीत येत होती. झालंही तसंच. तात्यांचा फोन आला, "रक्तातला एएफपी नॉर्मल आलाय, माल उतरला की येतो." एएफपी म्हणजे यकृताच्या कर्करोगात रक्तात वाढू शकणारं एक प्रथिन. मी स्पष्ट नाही म्हटलं. लहान गाठीत एएफपी नॉर्मल असू शकतो, त्याच्या जोरावर सोनोग्राफी टाळायची नसते. सुनेने तोडणीची जबाबदारी घेतली आणि ते आले.

गाठ १३ मिलिमीटर झाली होती. ट्रिपल फेज सीटीत, म्हणजे डाय देऊन तीन टप्प्यांत काढलेल्या सीटीत, कर्करोगाची ती खूण ठळक दिसली. गाठ एकच होती, ३ सेंटीमीटरच्या पुष्कळ आत, त्यामुळे सुईवाटे उष्णता देऊन ती जाळता आली.

मुलाने नंतर विचारलंच, "तेव्हाच केलं असतं तर?" मी सांगितलं, तेव्हा गाठ कसली आहे हेच ठरत नव्हतं, आज ठरलं आणि उपचार तोच, तितकाच सोपा राहिला. उशीर तारीख चुकवली असती तर झाला असता.

महिन्याभराने काढलेल्या सीटीत जळालेल्या जागी काही शिल्लक दिसलं नाही. सिरॉसिस आहे तोवर नवी गाठ येऊ शकते, म्हणून तपासण्या चालूच राहतील. नुसता रिपोर्ट नको, जुन्या सीडीही आणा, असं मी सांगितलंय, म्हणजे रेडिओलॉजिस्टना आधीची गाठ शेजारी ठेवून मापता येते. पुढची तारीख तात्यांनी या वेळी छाटणीच्या वेळापत्रकातच लिहून घेतली.