अमेरिकेत राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाने हॅलोविनचं काय करावं?

ताई, तुम्ही विचारलंय: वसईहून न्यू जर्सीला येऊन पहिलंच वर्ष, सहा वर्षांची मुलगी शाळेतून "हॅलोविनला मी कोण होऊ?" विचारत घरी आली (३१ ऑक्टोबरच्या या रात्री मुलं वेगवेगळे पोशाख घालून दारोदार खाऊ मागतात), प्रार्थना गटातली मंडळी म्हणतात हा सैतानाचा सण, त्या रात्री दिवे बंद करून घरात बसा. नवरा म्हणतो, चॉकलेटांपुरतं आहे, जाऊ दे तिला. कोणाचं ऐकायचं?

"दिवे बंद करा" हा सल्ला ऐकला की मला राग येतो, म्हणून सुरुवात तिथूनच करते. इथल्या गल्लीत पोर्चचा दिवा ही त्या रात्रीची खूण असते. दिवा लागलेला दिसला तर पोरं दार वाजवतात, नाही दिसला तर पुढच्या घरी जातात. शेजारीपाजारी न बोलावता आपल्या दारात येतात अशी वर्षातली ही जवळजवळ एकच संध्याकाळ. नवीन आलेल्या कुटुंबाने नेमका तेव्हाच अंधार करायचा आणि रविवारी चर्चमध्ये "आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" हे ऐकायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

दिवा लावा. गल्लीत साधारण किती मुलं फिरतात ते शेजारच्या घरी आधी विचारून घ्या. साठ म्हणाले तर दर मुलामागे दोन नग, म्हणजे १२०, आणि वर वीस-पंचवीस जास्त. सगळं कंपनीच्या बंद वेष्टनातलं हवं. घरी केलेले लाडू, करंज्या कितीही चांगल्या झाल्या तरी अनोळखी मुलांना देऊ नका, आईबाप ते घरी जाऊन टाकून देतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं बरीच असतात, म्हणून पेन्सिली, स्टिकर, छोटे चेंडू असं एक वेगळं भांडं ठेवा. दारात निळसर हिरवा भोपळा ठेवला की इथे खाऊखेरीज काही मिळतं हे पालकांना कळतं. आणि चॉकलेटाऐवजी नुसती धर्मपत्रिका मुलाच्या हातात ठेवू नका. सात वर्षांच्या पोराला त्यातून सुवार्ता मिळत नाही, ते घर कंजूष आहे एवढंच कळतं. संताचं छोटं चित्र द्यायचं असेल तर मोठ्या चॉकलेटासोबत द्या.

आता "सैतानाचा सण" हे कुठून आलं ते. हॅलोविन म्हणजे ‘ऑल हॅलोज ईव्ह’, सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. यातला ‘हॅलो’ म्हणजे पवित्र. इंग्रजीतल्या प्रभूच्या प्रार्थनेत "तुझे नाव पवित्र मानले जावो" या ओळीत तोच शब्द आहे. १ नोव्हेंबरचा हा सण पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळात, ८३५ साली, फ्रँक साम्राज्यात सगळीकडे लागू झाला. ही रात्र आपली आहे असं सांगणारा सैतानवाद्यांचा पंथ सॅन फ्रान्सिस्कोत १९६६ मध्ये स्थापन झाला. अकराशे वर्षं चर्चच्या कॅलेंडरात असलेली रात्र साठ वर्षांच्या पंथाला आपणच देऊन टाकायची का? आयर्लंडमध्ये त्याच सुमाराला साउइन नावाचा जुना सण होता हे खरं आहे. पण आयर्लंडच्या जुन्या चर्चमध्ये सर्व संतांचा सण २० एप्रिलला होता, त्यामुळे १ नोव्हेंबर ही तारीख आयरिश मूर्तिपूजकांकडून उचलली हा सरधोपट दावा टिकत नाही. दारोदार जाऊन खाऊ मागणंही जुन्या ख्रिस्ती इंग्लंडात सापडतं: गरीब माणसं आणि मुलं घराघरांतून ‘सोल केक’ मागायची आणि बदल्यात त्या घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करायची.

गटातल्या मंडळींना एक विचारून बघा. शेजाऱ्यांनी दिलेला दिवाळीचा फराळ तुम्ही खाता ना? आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोडवलाय. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात उत्तर आहे: कोणी जेवायला बोलावलं तर जा, वाढलेलं चौकशी न करता खा, पण "हे मूर्तीला वाहिलेलं आहे" असं कोणी सांगितलं तर खाऊ नका. म्हणून चकली-करंजी आपण घेतो आणि पूजेचा प्रसाद नम्रपणे नाकारतो. नेमकी हीच रेघ हॅलोविनला लावा. चॉकलेट म्हणजे फराळ. प्लँचेट, टॅरो पत्ते, "मेलेल्यांना बोलावू या" छापाचे खेळ यांना बायबलातलं ‘अनुवाद’ हे पुस्तक (१८:१०-१२) सरळ मनाई करतं आणि कॅथोलिक धर्मशिक्षणाचा २११६ वा परिच्छेदही. मुलगी थोडी मोठी झाली की मैत्रिणींकडे रात्री राहायला जाईल, तिथे हे खेळ निघतात. "असं कोणी काढलं तर मला फोन कर, मी न्यायला येते, रागावणार नाही" हे तिला आधीच सांगून ठेवा.

पोशाखाबद्दल माझं मत रोखठोक आहे. सैतान, शिंगं, भूत लागलेली नन, रक्ताने माखलेला खुनी, हे नको. सांगाडा मात्र चालेल. आपला प्रभू ज्या टेकडीवर मेला तिचं नावच गुलगुथा, कवटीची जागा. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावणाऱ्या माणसाने हाडांना घाबरायचं कारण नाही. फुलपाखरू, अंतराळवीर, डॉक्टर यांत तर विचार करण्यासारखंही काही नाही. चेहरा झाकणारा मुखवटा टाळा, धर्मापेक्षा पायऱ्यांसाठी: सहा वर्षांच्या मुलाला त्यातून बाजूचं दिसत नाही.

संत व्हायचं असेल तर मदर तेरेसा सोपी. तीन मीटर पांढरं सुती कापड आणि एका काठाला तीन निळ्या पट्ट्या, दोन बारीक, एक रुंद. पट्ट्या रंगापेक्षा रिबिनीच्या नीट बसतात. मुलीला साडी नेसवू नका, सुटते. शिवलेल्या झग्यावर पदर ठेवा आणि खांद्यावर, कमरेला आतून सेफ्टी पिना लावा. झगा घोट्याच्या दोन-तीन इंच वर संपला पाहिजे, जमिनीला टेकला तर पहिल्याच पायरीवर पाय अडकतो. आणि एक माप मोठा शिवा, कारण ऑक्टोबरअखेरच्या थंडीत आत स्वेटर घालावा लागतो. वरून कोट घातला तर पोशाख दिसतच नाही आणि मग रडारड होते. हातात टॉर्च, पाठीवर चमकणारी पट्टी. मेणबत्ती कधीच नाही, बॅटरीची घ्या, झगा पॉलिस्टरचा असेल तर जास्तच जपा.

वसईच्या मुलासाठी माझ्या मनातला पहिला संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला, भारतातला पहिला संत, ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत क्रुसावर भाल्यांनी मारला गेलेला, १८६२ मध्ये संत घोषित झालेला. तो फ्रान्सिस्कन संघातला, त्यांच्या झग्याला अडीच मीटर करडं किंवा तपकिरी कापड पुरतं. कमरेला दोन मीटर सुती दोर, लोंबत्या टोकाला तीन गाठी: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. पाठीवर पुठ्ठ्याचा क्रूस आणि दोन भाले. कार्लो अकुतिस हा आजच्या काळातला किशोरवयीन संत तर शिवणाशिवाय होतो: जीन्स, लाल टी-शर्ट, पाठीवर दप्तर.

चर्चमध्ये संतांची संध्याकाळ ठेवायचं तुमच्या गटाने ठरवलं तर काय बिघडतं ते सांगते, कारण दर वेळी तेच बिघडतं. पहिली गोष्ट म्हणजे तारीख. ३१ला संध्याकाळी सहा वाजता "पर्यायी कार्यक्रम" ठेवला की तुम्ही तुमच्याच मुलांना गल्लीतून उचलून पार्किंगमध्ये नेता आणि घरचे पोर्च अंधारात राहतात. गाड्यांच्या डिक्कीतून खाऊ वाटण्याच्या कार्यक्रमाचं तेच. शिवाय तिथला हिशेब लोक करत नाहीत: वीस गाड्या, दीडशे मुलं, प्रत्येक गाडीतून एकच नग म्हटला तरी तीन हजार नग. पाच कुटुंबांनी आणलेल्या पिशव्या पहिल्या वीस मिनिटांत संपतात. म्हणून आदल्या रविवारी ठेवा, किंवा १ तारखेच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर.

दुसरी गोष्ट: सात मारिया आणि पाच फ्रान्सिस येतात. १ ऑक्टोबरलाच यादी फिरवा, एक नाव एकालाच. तिसरी: "ओळखा मी कोण" खेळात सूचना फार अवघड असतात आणि मोठी माणसंच उत्तरं देतात. प्रत्येक संतासाठी तीन ओळी लिहा, अवघडीकडून सोपीकडे. चाळीस मुलं असतील तर आठ टेबलं, टेबलावर पाच, फेरीला सहा मिनिटं, म्हणजे पाऊण तासाच्या थोडं वर. खाणं, प्रार्थना धरून दीड तासात आटपतं. त्याहून लांबवलं की लहानगी रडायला लागतात. चौथी आणि सगळ्यात मोठी चूक: संत गुळगुळीत करून सांगणं. मुलं दुकानांतले हात तुटलेले पुतळे बघून आलेली असतात, त्यांच्यापुढे गुलाबी गालांचा संत टिकत नाही. लॉरेन्सला लोखंडी जाळीवर भाजला हे सांगा, जाळी पुठ्ठ्याची करून हातात द्या. लुसीच्या ताटलीत दोन लिची ठेवा, ते तिचे काढलेले डोळे. धैर्य म्हणजे काय ते त्यांना तिथे कळतं.

प्रोटेस्टंट घर असेल तर ३१ ऑक्टोबर १५१७ आहेच, ल्यूथरने पंच्याण्णव सूत्रं मांडली आणि प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली तो दिवस. तिथे पांढऱ्या साडीत, हातात मराठी बायबल घेतलेली पंडिता रमाबाई का नसावी? तिने स्वतः मूळ भाषांवरून ते भाषांतर केलं.

भोपळा कोरायचा तर दोन-तीन दिवस आधी, त्याहून आधी कोरलेला सडतो, नाहीतर खारी खातात. झाकण सुरी तिरपी धरून कापा, सरळ कापलं तर आत पडतं. आतली भिंत एक इंच राहील इतकं खरवडा, नाहीतर उजेड बाहेर येत नाही. क्रूस कोरताना दांड्या दीड इंच रुंद ठेवा. कडांना व्हॅसलिन चोळलं की त्या लवकर सुकत नाहीत. कोरायच्या मोठ्या भोपळ्याचे घारगे करू नका, तो पाणचट असतो, त्यासाठी ‘पाय पम्पकिन’ म्हणून मिळणारा छोटा भोपळा वेगळा आणा.

सोल केक मात्र घरी कराच. पाव किलो मैदा, १२५ ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम साखर, दोन अंड्यांचे पिवळे बलक, अर्धा चमचा जायफळ, अर्धा चमचा दालचिनी, मूठभर मनुका, गोळा बांधण्यापुरतं दूध. एक सेंटीमीटर जाड लाटा, गोल कापा, सुरीने वर क्रूस काढा, १८० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं. पीठ फार मळलं तर कडक होतात. हे घरासाठी, दारात येणाऱ्यांसाठी नाहीत. प्रत्येक केक उचलताना घरातल्या एका मृत व्यक्तीचं नाव घ्यायचं.

कारण खरं बिघडतं ते ३१ला नाही, १ आणि २ तारखेला. दिवे बंद करणारे आणि चॉकलेटं गोळा करणारे, दोन्ही गट १ तारखेला झोपलेले असतात. पूर्वसंध्या केली आणि सणच केला नाही, तर गटातली मंडळी म्हणतात ते खरं ठरेल. २०२६ मध्ये ३१ तारीख शनिवारी येते, म्हणजे संध्याकाळची मिस्सा आणि पोरांची फेरी एकाच वेळी. सूर्यास्त सहाच्या जरा आधी आहे. फेरी साडेपाच ते साडेसात करा आणि रविवारी सकाळच्या मिस्साला जा. त्याच पहाटे घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे झोपही पुरते.

२ तारखेला, सर्व मृतांच्या दिवशी, वसईला असता तर फुलं-मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत गेला असता. इथल्या बऱ्याच दफनभूमींत पेटत्या मेणबत्तीला मनाई असते, फाटकावरचे नियम वाचून बॅटरीचा दिवा न्या. १ ते ८ नोव्हेंबर दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्यांना चर्चने विशेष कृपा देऊ केली आहे. तिथे ओळखीचं कोणी नसलं तरी जा, ज्यांच्या कबरीवर कोणी येत नाही त्यांच्यासाठी प्रार्थना करा.

काही गोष्टी मात्र राहिल्या. मुलगी खरंच घाबरट असेल, रात्री झोपेत रडत असेल, तर पहिल्या वर्षी फेरी सोडा, दारात उभं राहून खाऊ वाटू दे. घरात पूर्वी कोणी मांत्रिक, भगताच्या नादाला लागून पोळलेलं असेल, तर त्यांच्यासमोर हे सगळं करू नका. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय अशाच माणसासाठी लिहिलाय, ज्याला ते चुकीचं वाटतं त्याच्यासाठी ते चुकीचंच. मृतांसाठी प्रार्थना हा कॅथोलिक भाग आहे, बाकीच्यांनी नावं घेऊन देवाचे आभार मानावेत. आणि वसईत, पुण्यात मॉलवाल्यांनी आणलेल्या हॅलोविनला माझं हे उत्तर लागू नाही. तिथे दारात येणारे शेजारीच नाहीत, तर कोणासाठी करायचा? तिथे २ तारीख पाळली तरी भरपूर.

मुलीला आजी-आजोबांच्या कबरी दाखवायच्या असतील तर २०२६च्या २ नोव्हेंबरला वसईत संध्याकाळचे पाच म्हणजे तुमच्याकडे सकाळचे साडेसहा. सोमवार आहे, शाळेच्या आधी व्हिडिओ कॉल होतो.